मुलीचं नाव ‘मृणाल’ : उच्चार, स्पेलिंग आणि बंगाली सासर

पाणकळा

नमस्कार मंडळी. आम्हाला मुलगी झाली. आई-बाळ सुखरूप. मी मूळची नाशिकची, नवरा बंगाली, मुक्काम कोलकाता. मुलीचं नाव ‘मृणाल’ ठेवायचं हे माझ्या मनात फार आधीपासून आहे. कमळावरून नावं पुष्कळ आहेत, पण ती सगळी फुलाची. पाण्याखाली राहून फुलाला वर धरणाऱ्या देठाचं हे नाव मला जास्त जवळचं वाटतं.

सासरी सगळ्यांना नाव आवडलंय, पण सासूबाई ‘म्रिनाल’ म्हणतात. सासरे प्रेमाने पण ठामपणे सांगतात की हे पुरुषाचं नाव आहे; त्यांच्या डोळ्यांसमोर दिग्दर्शक मृणाल सेन. नाशिकला आईला ‘म्रिनाल’ ऐकवत नाही. फोनवर दोघी आज्या एकाच बाळाला दोन नावांनी हाक मारतात. त्यात जन्मदाखल्यावर इंग्रजीत ‘एम आर’च्या पुढे ‘आय’ लिहायचा की ‘यू’, हे अजून ठरत नाही.

तर विचारते : नेमका उच्चार कोणता? हे नाव मुलीचं की मुलाचं? आणि हल्ली कोणी ठेवतं का, की आमच्या आधीच्या पिढीबरोबर संपलं?

बोरीवलीकर

अभिनंदन! नाव मुलीचं की मुलाचं हा प्रश्न गोरेगावात कोणी विचारणार नाही. आमच्या पश्चिम उपनगरात ‘मृणाल’ म्हटलं की मृणालताई गोरे. जन्म १९२८ चा, म्हणजे मुलीला हे नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रात शंभरेक वर्षांची तरी नक्की आहे. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. उपनगरात नळाला पाणी यावं म्हणून इतक्या लढल्या की लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ नंतरच्या महागाईत अहिल्याताई रांगणेकरांबरोबर बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं. १९७७ ला लोकसभेवर निवडून गेल्या, इंदिरा गांधी पडल्या, तेव्हाची घोषणा माझ्या वडिलांना अजून पाठ आहे : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’

पाण्यातल्या देठाचं नाव आणि बाईंनी आयुष्य घातलं पाण्यासाठी. मला हे नेहमीच फार विलक्षण वाटत आलंय.

स्पेलिंगचं म्हणाल तर इंग्रजी वृत्तपत्रं त्यांचं नाव बहुतेक वेळा ‘आय’ घालून छापत. गोरेगावच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, तेही इंग्रजीत ‘आय’नेच लिहिलेलं दिसतं. पण एकाही कार्यकर्त्याच्या तोंडून मी ‘म्रिणालताई’ ऐकलेलं नाही.

मोगरा७

अभिनंदन पाणकळा! फार सुंदर नाव. माझ्या पिढीला मृणाल कुलकर्णी आठवतात, टीव्हीवरच्या रमाबाई पेशवे. त्या वेळी आमच्या वर्गात या नावाच्या एकीहून जास्त मुली होत्या.

ऋतुपर्णा_शिक्षिका

मी संस्कृत शिकवते, म्हणून उच्चाराबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ऋ हा स्वर आहे. त्याचा मूळ उच्चार ‘रि’ नव्हता आणि ‘रु’ही नव्हता. र् हाच स्वरासारखा लांबवायचा, पुढे इ-उ काही जोडायचं नाही. ‘ऋटुरषाणां मूर्धा’ असं पाठ केलेलं अनेकांना आठवेल. असा स्वररूप र् आजही काही जिवंत भाषांत आहे. चेक भाषेत बोटाला ‘प्र्स्त’ म्हणतात, त्यात आपण ज्याला स्वर म्हणतो तसं काहीच नाही. आपल्याकडे मात्र हा उच्चार बोलण्यातून फार पूर्वीच गेला आणि प्राकृतात त्याच्या जागी कुठे अ, कुठे इ, कुठे उ आला. मराठीच्या पोटात हे तिन्ही आहेत. तृणाचं तण झालं, पृष्ठाची पाठ झाली, मृत्तिकेची माती. शृंगाचं मात्र शिंग झालं, वृश्चिकाचा विंचू. आणि ‘पृच्छ्’पासून आला आपला ‘पुसणे’. म्हणजे ‘शिंग’ आणि ‘विंचू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने इ-काराला परका समजायचं कारण नाही.

पुढे संस्कृत शब्द पुन्हा जसेच्या तसे भाषेत घेतले गेले, तेव्हा प्रत्येक प्रांताने ऋ वाचायची आपापली रीत धरली. हिंदी आणि बंगाली पट्ट्यात ‘रि’. मराठी, गुजराती, ओडिया, तेलुगू यांत ‘रु’. गुजरातीत ‘अम्रुत’ म्हणतात, ओडियात ‘क्रुष्ण’. यातली कुठलीच रीत दुसरीपेक्षा जास्त संस्कृत नाही. तुमच्या आईंचा ‘म्रुणाल’ आणि सासूबाईंचा ‘म्रिनाल’ हे एका जुन्या उच्चाराचे दोन वारसदार आहेत.

आणखी एक. बंगालीत ण आणि न लिहिताना वेगळे, बोलताना एकच. म्हणून सासूबाई ‘णा’ न म्हणता ‘ना’ म्हणतात. आपल्याकडे वऱ्हाडातही ‘पानी’, ‘लोनी’ असं न-काराने बोलतातच की.

मुलगी-मुलगा याबद्दल : संस्कृतात ‘मृणाल’ शब्द नपुंसकलिंगी किंवा पुल्लिंगी, स्त्रीलिंगी रूपं ‘मृणाली’ आणि ‘मृणालिनी’. पण नाव ठेवताना व्याकरणाचं लिंग आपण फारसं पाळत नाही. ‘कमल’ संस्कृतात नपुंसकलिंगी, आपल्याकडे बाईचं नाव झालं, उत्तरेत पुरुषाचं. तोच न्याय इथे.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी

ताई, माहिती उत्तम, पण पटलं नाही. मुलीची आई मराठी आहे, नाव आईने निवडलंय, तर उच्चार मराठीच असायला हवा. आज ‘म्रिणाल’ चालवून घेतलं की उद्या ‘अमृता’ची ‘अम्रिता’, ‘ऋतुजा’ची ‘रितुजा’. हिंदी समालोचक ऋतुराज गायकवाडला ‘रितुराज’ म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. पुण्याचा पोरगा आहे, त्याच्या घरचे त्याला ज्या नावाने हाक मारतात तेच त्याचं नाव.

ऋतुपर्णा_शिक्षिका

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. घरचे जे म्हणतात तेच नाव. पण या बाळाच्या घरात बंगाली बोलणारी माणसंही आहेत, आणि ती परकी नाहीत. समालोचकाची गोष्ट वेगळी, सख्ख्या आजीची वेगळी.

भोपाळची_लेक

मला इथे लिहावंसं वाटलं कारण माझंच नाव मृणाल आहे. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या मध्य प्रदेशात, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. घरी, नातेवाइकांत, गणेशोत्सवात मी ‘म्रुणाल’. शाळेत, कॉलेजात, नोकरीत ‘म्रिणाल’. लहानपणी मी बाईंना दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं. सोडलं ते कंटाळून नाही. दोन्ही हाकांना मी सहज ‘ओ’ देते हे माझ्या लक्षात आलं होतं. कोणी ‘म्रुणाल’ म्हणून हाक मारली की मागे न वळता कळतं, घरचं माणूस आहे.

पाणकळा, मूल दोन उच्चारांत गोंधळत नाही. मोठ्यांनी त्यावरून एकमेकांना टोचलं तर मात्र त्याला कळतं. दोन्ही आज्यांना आपापली हाक मारू द्या, आणि एकीने दुसरीला बाळासमोर दुरुस्त करू नये एवढं प्रेमाने सांगा.

स्पेलिंगमध्ये माझ्या वडिलांनी ‘आय’ लिहिला, कारण दाखला लिहिणाऱ्याने तसंच सुचवलं. त्याचा परिणाम असा की पुण्यात नोकरीला आले तेव्हा मराठी सहकारीसुद्धा ईमेलवरचं नाव वाचून ‘म्रिणाल’च म्हणू लागले. लोक कानाने नाही, डोळ्यांनी नाव शिकतात आता. म्हणून जो उच्चार टिकावा असं वाटतं त्याचं स्पेलिंग लिहा.

हैदराबादी_पूर्णिमा

हल्ली कोणी ठेवतं का, याला आमच्याकडचं उत्तर द्यायला मजा येईल. २०२२ साली ‘सीता रामम’ लागला आणि धुळ्याची मृणाल ठाकूर तेलुगू घराघरांत पोचली. आमच्या सोसायटीतल्या तेलुगू बायका माझ्या भाचीचं नाव ऐकून लगेच विचारतात, ‘सीता?’ आणि उच्चार अगदी आपला, ‘म्रुणाल’, कारण तेलुगूतही ऋ म्हणजे ‘रु’. तिच्या नावाच्या स्पेलिंगात ‘यू’ आहे, त्यामुळे हिंदीवालेही तिला बऱ्याचदा ‘म्रुणाल’ म्हणताना ऐकते. मुंबईतल्या मुलाखतींतही. एका नटीमुळे आपल्या उच्चाराला एवढी ओळख मिळाली याचं मला खूप कौतुक आहे.

कमळाची बाकीची नावं बघा : नलिनी, कुमुद, सरोज, पद्मा, कमल. ही आता आज्यांची नावं झाली, पाळण्यावर क्वचित लिहिलेली दिसतात. मृणाल मात्र आजीच्या वयाच्या बाईचंही आहे, चाळिशीतल्या आईचंही आणि बालवाडीतल्या मुलीचंही. फार लाट आली नाही म्हणून जुनंही झालं नाही असं मला वाटतं.

तळ्याकाठी

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडं. मृणाल म्हणजे नेमकं काय यात लोक गोंधळतात. कमळाचा कंद चिखलात आडवा पसरतो, त्याला आपण बाजारात कमळकाकडी म्हणतो, काश्मिरात नदरू. कापल्यावर चकतीला जी गोल भोकं दिसतात त्या हवेच्या नळ्या. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, तो पानांकडून देठातल्या अशाच नळ्यांमधून कंदापर्यंत पोचतो. म्हणजे देठ नुसता फूल वर धरत नाही, खालच्या कंदाला श्वासही पुरवतो. संस्कृतात कोवळा देठ, कंद, त्यातले तंतू या सगळ्यालाच मृणाल किंवा बिस म्हटलेलं आढळतं.

देठ हळूच मोडून दोन तुकडे लांब ओढले की मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू निघतात. पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भिंतींवर सर्पिल वेटोळी असतात, ती उलगडतात. म्यानमारमध्ये इनले सरोवराच्या काठी हे तंतू वळून सूत काढतात आणि कापड विणतात. फार वेळखाऊ काम, कारण एका देठातून अगदी थोडं सूत मिळतं.

ऋतुपर्णा_शिक्षिका

तळ्याकाठी, तुम्ही तंतूंचं लिहिलंत आणि हितोपदेशातला श्लोक आठवला :

स्नेहच्छेदेऽपि साधूनां गुणा नायान्ति विक्रियाम् ।
भङ्गेऽपि हि मृणालानामनुबध्नन्ति तन्तवः ॥

मैत्री तुटली तरी सज्जनांचे गुण बिघडत नाहीत. मृणाल मोडलं तरी त्याचे तंतू जोडलेलेच राहतात. कोणी नावाचा अर्थ विचारला तर हा श्लोक सांगावा. आणि मेघदूतात कैलासाकडे निघालेले राजहंस वाटेच्या शिदोरीला चोचीत काय घेतात? कमळाच्या कोवळ्या देठांचे तुकडे. शाकुंतलातही तापलेल्या शकुंतलेच्या हातात मृणालाचं कडं आहे, थंडावा देणारं.

पाणकळा

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! श्लोक नवऱ्याला वाचून दाखवला, त्याने लगेच बंगाली लिपीत लिहून घेतला. आणि लिहिताना मला दिसलं, बंगालीतही म-ला खाली ऋकाराचंच चिन्ह लागतं, पुढे ण, मग काना आणि ल. देवनागरीत आणि बंगालीत या नावाची अक्षरं एकास एक तीच आहेत. वाद फक्त तोंडात आणि रोमनमध्ये आहे.

भोपाळची लेक, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘बाळासमोर काही म्हणणार नाही.’

सासऱ्यांच्या शंकेवर कोणाकडे बंगालीतलं उदाहरण आहे का? मृणालताई गोरेंबद्दल सांगितलं, त्यांना फार आदर वाटला, पण ‘ते तुमच्याकडे’ असं म्हणाले.

सॉल्टलेकचा_जोशी

मी पण कोलकात्यातच. सासऱ्यांना थेट रवींद्रनाथांचं उदाहरण द्या, त्यापुढे बंगाली घरात दुसरा पुरावा लागत नाही. ‘स्त्रीर पत्र’ ही त्यांची १९१४ ची कथा. घर सोडून पुरीला गेलेली मधली सून नवऱ्याला पत्र लिहिते. सबंध आयुष्य ती ‘मेजो बऊ’ होती, पत्राच्या शेवटी सही करते ती स्वतःच्या नावाने : मृणाल. बंगाली साहित्यातल्या सगळ्यात धीट बायकांपैकी ही एक, आणि तिचं नाव हेच आहे.

शिवाय रवींद्रनाथांच्या पत्नीचं नाव मृणालिनी. माहेरचं भवतारिणी, लग्नात बदललं. आता यात एक मराठी धागाही आहे. विलायतेला जाण्याआधी, १८७८ साली, तरुण रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी शिकवायची. तिला त्यांनी कवितेत नाव दिलं ‘नलिनी’. नलिनी आणि मृणालिनी दोन्ही कमळाचीच. त्यावरून लोक बरेच तर्क करतात, मी करत नाही. पण मराठी-बंगाली घरातल्या मुलीला हे नाव मिळावं याचा मला खरंच आनंद झाला.

सुरतवाला_कुलकर्णी

गुजरातेत मृणाल मुलांचंही नाव असतं, उच्चार ‘रु’नेच. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवणारे मृणाल पटेल माहीत असतील. त्यामुळे सासरेही चूक नाहीत. नाव दोघांचं आहे.

न्यूजर्सीची_आत्या

पुढे परदेशी शिकायला वगैरे गेली तर काय, तेही लिहून ठेवते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ‘म्र’ येतच नाही, म्हणून इथले लोक मध्ये स्वर घालतात : ‘मुरुनाल’. ‘आय’ असेल तर ‘मिरिनाल’. काही फॉर्म आणि फोनवरची माणसं पहिली दोन अक्षरं ‘मिस्टर’ म्हणून वाचतात. माझ्या भाचीने पहिल्या दिवशी वर्गात सांगायला एक वाक्य ठरवलं, ‘म् हलकेच म्हणा आणि लगेच रुनाल म्हणा’, आणि पंधरवड्यात शिक्षक बरोबर म्हणू लागले. या कारणासाठी नाव बदलू नका.

मोगरा७

नक्षत्राचं अक्षर बघितलंत का? आमच्याकडे आजेसासूबाईंचा त्यावर भर असतो. मघा नक्षत्राला मा, मी, मू, मे येतात. बाळाचं मघा असेल तर म-वरून म्हणून ‘मृ’ चालवून घेतात. नसेल तर पत्रिकेतलं नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, असंही पूर्वापार चालत आलंय.

पाणकळा

नक्षत्र मघा नाही :) पत्रिकेतलं नाव वेगळं ठेवू. बंगालीतही घरचं ‘डाकनाम’ वेगळं असतंच, सासूबाईंनी ते ठरवलंसुद्धा.

नोंदणी_विभागात_होतो

निवृत्त आहे, जन्म-मृत्यू नोंदणीचं काम केलंय. स्पेलिंग आता ठरवाच. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव घालायलाच हवं असं नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद बिननावाने होऊ शकते आणि नोंदणीपासून वर्षभरात नाव फुकट घालून मिळतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून घाईत काहीतरी लिहून टाकू नका. एकदा घातलेलं नाव बदलणं हे कोरी जागा भरण्यापेक्षा कितीतरी किचकट असतं.

आणि १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात. शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे. तेव्हा इथलं स्पेलिंग पुढे आयुष्यभर चालणार. देवनागरीत कोणी ‘म्रुणाल’ लिहीत असेल तर तेही तिथल्या तिथे थांबवा. आमच्याकडे टंकलेखनात ही चूक सर्रास व्हायची. म-ला ऋकार, असं स्पष्ट सांगायचं आणि छापण्याआधी मसुदा डोळ्यांनी बघायचा.

गडकरी_नव्हे_गडप्रेमी

माझं मत अजूनही ‘यू’. पण सगळं वाचल्यावर ‘म्रिणाल’ला चूक म्हणणार नाही.

पाणकळा

ठरलं. इंग्रजीत ‘यू’. कारण सांगते. इथल्या शाळेत, शेजारी, दुकानात कोणी बंगाली लिपीत तिचं नाव वाचेल तर आपोआप ‘म्रिनाल’च म्हणेल. तो उच्चार जपायला अख्खं शहर आहे. माझा उच्चार इथे जपायला मी एकटी, म्हणून रोमन अक्षरांनी मला साथ द्यावी. हे नवऱ्यानेच मांडलं आणि सासूबाई लगेच हो म्हणाल्या.

सासऱ्यांनी कपाटातून रवींद्रनाथांच्या कथांचा खंड काढला आणि काल संध्याकाळी ‘स्त्रीर पत्र’ मोठ्याने वाचलं. शेवटच्या सहीपाशी आले आणि म्हणाले, ‘ठीक आहे, मेयेर नाम.’ मुलीचं नाव.

नोंदणीवाले काका, एकच विचारायचं राहिलं. रुग्णालयाच्या कागदांवर आणि लसीकरणाच्या कार्डावर फक्त ‘बेबी ऑफ’ आणि माझं नाव आहे. दाखला आला की ते बदलून घ्यावं लागेल का?

नोंदणी_विभागात_होतो

रुग्णालयाचे कागद तसेच राहू द्या, जपून ठेवा. आईचं नाव, तारीख आणि वेळ जुळली की पुरे. लसीकरणाच्या कार्डावर मात्र पुढच्या डोसला जाल तेव्हा दाखला दाखवून नाव घालून घ्या, स्पेलिंग अक्षरन् अक्षर तेच. आणि दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आत्ताच काढून ठेवा.